रविवारचा बिघाड

६ जुलै २००८, रविवार

आज सकाळी आठ वाजता माझ्या मुलीला, उज्वलाला, अमेरिकेतून बघणार होते. बघणं झालं नाही. नेट बंद.

नीट लिहून ठेवतो. एकतीस वर्षं एस.टी.च्या कार्यशाळेत गाड्या दुरुस्त केल्या. बिघाड पहिल्या दिवशी लिहिला नाही, तर चौथ्या दिवशी ड्रायव्हर एक सांगतो, कंडक्टर दुसरंच. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी लिहिण्याची सवय जात नाही.

उज्वला सुरगाण्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहते, शनिवारी दुपारी घरी येते, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जाते. लॅपटॉप तिचाच, पण तिकडे नेट नाही आणि विजेचा भरवसा नाही, म्हणून तो इथे पंचवटीत माझ्या ताब्यात असतो. काल संध्याकाळी बंद करताना पडद्यावर आलं की सिस्टिमचं अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका. पाऊण तास मी राखण करत बसलो. आज सकाळी चालू केलं तर वायरलेस गेलेलं. पुढच्या बाजूचा निळा दिवा नारिंगी झालेला आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल फुली.

चंद्रभागेने साडेसहालाच पोहे केले होते. मी म्हटलं, मुलगा न्यू जर्सीत बसलाय, पोहे कोण खाणार? तर म्हणाली, "अहो, बशी हातात दिसली तर पाहिजे ना. रिकाम्या हातानं पोरगी दाखवायची का?" आतल्या खोलीत खुर्ची मांडली होती, मागच्या भिंतीचे पोपडे दिसू नयेत म्हणून नवी चादर टांगली होती. पुढच्या खोलीत बसता येत नाही. शेजारी पिठाची गिरणी आहे आणि रविवारी सकाळी तिथे आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही.

साडेआठला देवळ्याहून आक्काचा फोन. सिंधुबाई, माझी थोरली बहीण. स्थळ तिनेच आणलंय, तिच्या चुलत दिराचा मुलगा, रविराज. डिसेंबरात पंधरा दिवसांसाठी येणार, त्यात लग्न उरकून जाणार, म्हणून मुलगी आधी मशीनवर बघायची आहे. "काय करी राह्यना तू, कारभारी? पोऱ्या तिकडे मशीन उघडीसन बसेल शे," आक्का म्हणाली. मी अपडेटचं सांगितलं. तिला ते आजारपणासारखं काहीतरी वाटलं असावं, कारण जरा मऊ झाली. आठ दिवसांची मुदत मिळाली.

उज्वला साडी बदलून आली आणि पोहे दोनदा मागून खाल्ले. मग शाळेचं सांगत बसली. भाताची आवणी चालू आहे, पोरं पहाटेपासून चिखलात राबून येतात आणि वर्गात पेंगतात. तर हिने वर्गच बांधावर नेला आणि रोपं उपटून मुळं शिकवली. पोरांनी हिलाच आवणी करायला लावली आणि ओळ वाकडी आली म्हणून हसली. दोन महिन्यांत ती इतकं बोललेली मला आठवत नाही. कार्यक्रम बुडाला तरी तोंड पाडून बसली नाही, समजूतदार आहे.

८ जुलै, मंगळवार

दिंडोरी नाक्यावर वाल्मीकचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे मशीन घेऊन गेलो. माणूस चाळिशीचा, हात स्थिर. त्याने दहा मिनिटांत रोग सांगितला. "काका, अपडेटने तुमच्या वायरलेसचा ड्रायव्हर बदलला. नवा ड्रायव्हर तुमच्या मशीनला चालत नाही. जुना परत बसवतो." ड्रायव्हर बदलल्यावर गाडी कशी खोळंबते ते मला सांगायची गरज नव्हती. दिवा निळा झाला.

"पुन्हा होणार नाही ना?" मी विचारलं.

"अपडेट बंद करून ठेवलंय. पण या सिस्टिमचा नेम नाही हो, कधी काय घेऊन बसेल."

असं बोलणारा कारागीर मला आवडतो. पक्की खात्री देणारे दुरुस्तीनंतर भेटत नाहीत.

१२ जुलै, शनिवार

चार दिवस रोज सकाळी आठला मशीन लावून पाहिलं. नेट चालू. आज दुपारी उज्वला आली तेव्हा दारातच सांगितलं, बिघाड सापडला, उद्याची काळजी नको.

"हो का," म्हणाली. बोरगावपासून जीपला मागे लोंबकळत आली होती, थकलेली दिसली. जेवण झाल्यावर मात्र आपणहून विचारलं, नेमकं काय झालं होतं. मी वाल्मीकने केलेलं सगळं सांगितलं, ड्रायव्हर, अपडेट, लाल फुली, दिवा. तिने मशीन उलटंसुलटं करून पाहिलं.

"म्हणजे अप्पा, अपडेटमुळे हे पुन्हा कधीही होऊ शकतं?"

मी म्हटलं, होऊ शकतं. तिने मान हलवली. घरात माझं इतकं मन लावून कुणी ऐकत नाही. हिला मेकॅनिकलला घालायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

१३ जुलै, रविवार

पुन्हा बंद. तोच नारिंगी दिवा, तीच फुली. काल दुपारी दोनपर्यंत चालू होतं, मी स्वतः पाहिलंय.

सव्वासात ते साडेनऊ, मशीन तीनदा बंद-चालू केलं, मोडेम दोनदा. काही फरक नाही. चंद्रभागा म्हणाली, दृष्ट लागली. गिरणीवाल्यांची बायको परवा विचारत होती म्हणे, की ताई, तुमच्या उज्वलाचं अमेरिकेचं कुठवर आलं? मग तिने लॅपटॉपवरून मीठमोहऱ्या उतरवल्या. मी एवढंच बघितलं की मोहरी बटणांच्या फटीत जाऊ नये. एकतीस वर्षांत मी डिझेल इंजिनला नारळ फुटलेले पाहिलेत, हे काही नवीन नाही.

आक्काला फोन केला. ती आज मऊ झाली नाही.

१४ जुलै, सोमवार

उज्वला पाचला गेली. सातला मशीन वाल्मीककडे न्यायचं म्हणून आधी चालू करून पाहिलं. दिवा निळा, नेट सुरू. मी कशालाच हात लावला नव्हता.

चंद्रभागा दिवसभर मीठमोहऱ्यांचं सांगते आहे. मी मान डोलावतो. बिघाड सापडला नाही की माणसाला कशालाही हो म्हणावं लागतं.

१७ जुलै, गुरुवार

तरीही वाल्मीककडे गेलो. त्याने तासभर तपासलं, काही सापडलं नाही. मी त्याला माझे तर्क सांगितले. एक, रविवारी सगळ्यांना सुट्टी, लाइनवर ताण येत असेल. दोन, पावसाळी ओल. तीन, अपडेटने काहीतरी आत ठेवलंय, ते ठरावीक दिवशी जागं होतं. तिसऱ्यावर तो हसला. मग म्हणाला, "काका, तुम्ही एवढं करताय ते कशासाठी?"

मी सांगितलं, मुलीच्या लग्नासाठी. त्याने मशीन मिटून माझ्या हातात दिलं.

काही गाड्या अशा असायच्या. ट्रायलला नेली की सुरेख चालणार आणि प्रवासी बसले की सप्तशृंगीच्या घाटात मान टाकणार. ड्रायव्हर शिव्या खायचा, आम्ही शिव्या खायचो, गाडीला कुणी काही म्हणायचं नाही.

२० जुलै, रविवार

बंद.

आज फार थकलो. आक्काने फोनवर जे सांगितलं ते लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो. मुलाची आई म्हणते, तीन रविवार झाले, मुलीत काही खोट आहे का? "तोंड दाखवाले का बरं टाळतस?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आक्का, तूच तिला लहानाची मोठी होताना पाहिलंस. ती म्हणाली, मी पाहिलं, त्यांनी कुठे पाहिलं. आता पुढचा रविवार शेवटचा. नाही जमलं तर ते दुसरीकडे बघणार.

चंद्रभागा देवासमोर बसून रडली. उज्वला एकोणतीस संपून तिसाव्यात आहे. हे बारावं स्थळ.

सायबर कॅफेत नेऊ का, असं मी विचारलं होतं. चंद्रभागा म्हणाली, "पोरगी दाखवायला दुकानात नेऊ? लय झालं आता." तिचंही बरोबर आहे. आधीची अकरा स्थळं मला आठवतात. सटाण्याच्या लोकांनी तिला दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं होतं, मग केस सोडून दाखवायला. एम.एस्सी. झालेली मुलगी. मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो, हातात चहाचा कप धरून. असंच असतं, असं मनाला सांगितलं. परत येताना ती बसच्या खिडकीकडे तोंड करून बसली होती, ते पिंपळगाव येईपर्यंत.

आज संध्याकाळी तिला सरळ विचारलं, "उज्वला, हे स्थळ तुला पसंत आहे ना? तिकडे सुखात राहशील. जीपला लोंबकळणं संपेल."

"तुम्ही म्हणाल तसं, अप्पा."

म्हणजे तिची हरकत नाही. मग आता मशीनचाच प्रश्न उरतो.

२१ जुलै, सोमवार

सकाळी सातला निळा दिवा. मी लॅपटॉपकडे नुसता बघत बसलो. सोमवार ते शनिवार ठणठणीत, रविवारी आजारी. शाळा बुडवणाऱ्या पोराच्या बरोबर उलटं याचं वेळापत्रक आहे.

२५ जुलै, शुक्रवार

वाल्मीकने आज माझे डोळे उघडले. म्हणाला, "काका, वायरलेसच्या मागे कशाला लागलात? मोडेमपासून आतल्या खोलीपर्यंत सरळ वायर ओढा. मग वायरलेस जगलं काय, मेलं काय." पंधरा मीटर वायर घेतली. हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर तीन रविवार वाचले असते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं आपलं चाललं होतं.

निघताना त्याने आणखी एक सांगितलं. "घरी गेल्यावर एकदा पुढची कड बघा. दिव्याच्या शेजारी एक बारीक सरकवायचं बटण असतं. ते बंद असलं की वायरलेस मरतं, दिवा नारिंगी होतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं दुखणं तेवढंच असतं."

घरी येऊन पाहिलं. बटण आहे, तांदळाच्या दाण्याएवढं. चालूवरच होतं. घट्ट आहे, नख लावल्याशिवाय सरकत नाही. धक्क्याने आपोआप हलणारं नाही. तेवढी शंका फिटली.

संध्याकाळी वायर ओढली. भिंतीच्या कडेने खिळे मारत, उंबरठ्यावर पट्टी लावून. काम चांगलं झालं. लावून पाहिलं, वाऱ्यासारखं नेट.

२६ जुलै, शनिवार

सकाळी आठला पाहिलं, दिवा निळा, बटण चालू.

उज्वला अडीचला आली, भिजलेली. आतल्या खोलीत जाताना तिला भिंतीवरची वायर दिसली.

"हे काय?"

मी सांगितलं, आता वायरलेसची गरजच नाही, वायरीतून थेट नेट. उद्या आठला कार्यक्रम होणार म्हणजे होणार. ती उंबरठ्याशी तशीच उभी राहिली, खांद्यावरची पिशवीही काढली नाही.

"याला काही होऊ शकत नाही का?"

"कुणी कापली तरच," मी हसत म्हटलं. ती हसली नाही. आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चंद्रभागा म्हणाली, भिजलीय, अंग दुखत असेल.

सहा वाजता मी मशीन घेऊन बसलो. वायर न लावता, सहज. जाता जाता वायरलेसची तब्येत बघावी म्हणून. दिवा नारिंगी. मी मशीन फिरवलं, चष्मा लावला आणि पुढची कड पाहिली. बटण बंद.

नखाने सरकवलं, निळा. परत सरकवलं, नारिंगी. चार वेळा केलं. बिघाड सापडला की कार्यशाळेत मी मोठ्याने हाक मारून सगळ्यांना बोलवायचो. आज नुसता चष्मा पुसत बसलो.

सकाळी आठला ते चालू होतं. चंद्रभागा मशीनला हात लावत नाही, पुसतेसुद्धा लांबून. तिसरं माणूस घरात अडीच वाजता आलं.

मग मागची पानं काढून वाचली. सगळं मीच लिहून ठेवलंय. ती घरात असते तेव्हा बंद, ती गेली की चालू. पोहे दोनदा मागून खाल्ले, हेही लिहिलंय. अपडेट कधीही बिघडवू शकतं का, हे तिने विचारलं, तेही. इंजिन उघडण्याआधी टाकीत डिझेल आहे का बघ, हे मी जन्मभर सगळ्यांना सांगत आलो, आणि स्वतःच्या घरात बघितलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आधी राग आला. बापाला दोन-तीन आठवडे वेड्यासारखं नाक्यावर पळवलं, आक्काकडून बोलणी खायला लावली, आईला रडवलं. सरळ उठून तिला विचारायला निघालो. आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. ती खाटेवर बसली होती आणि त्या वायरीकडे बघत होती. सटाण्याहून येताना बसमध्ये जसा चेहरा होता तसाच.

मी मागे फिरलो. पुढच्या खोलीत येऊन बसलो आणि मला रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं. साठ पोरांना गप्प बसवणारी, एकटी त्या डोंगरात राहणारी माझी मुलगी, आणि बापाच्या घरात तिला नाही म्हणायला तांदळाएवढं बटण शोधावं लागलं. मी तिला विचारलं होतं खरं. पण विचारताना उत्तर माझ्याकडे आधीच तयार होतं.

बटण मला सापडलं तसंच, बंदवर सरकवून ठेवलं.

२७ जुलै, रविवार

साडेसहाला पोहे झाले. सात वाजता उज्वला साडी नेसून, केस बांधून खुर्चीवर येऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्यांसारखी हात मांडीवर ठेवून बसली होती.

मी मशीन उघडलं नाही. पुढच्या खोलीत जाऊन देवळ्याला फोन लावला. गिरणी सुरू झाली होती, त्यामुळे ओरडून बोलावं लागलं. आत सगळं ऐकू गेलं असणार.

"आक्का, त्यांना कळव. हे जमणार नाही."

"आज परत मशीन बिघडनं का?"

"मशीन चांगलं आहे. मला मुलगी तिकडे द्यायची नाही."

"पोर नही म्हणस का?"

"ती काही म्हणालेली नाही. मी म्हणतोय."

मग आक्का बोलली आणि मी ऐकलं. चांगलं पाच-सात मिनिटं. चुलत दिरासमोर तिचं नाक कापलं गेलं, हे तिचं म्हणणं खरंच आहे. शेवटी म्हणाली, "जनमभर घरमा ठेवशी का तिले?" मी म्हटलं, "ती घरात कुठे असते आक्का? ती सुरगाण्यात असते, तिथे तिची शाळा आहे." तिने फोन ठेवला. राखीला बोलावेल की नाही, माहीत नाही.

चंद्रभागा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भांडेल असं वाटलं होतं, भांडली नाही. "आपण गेल्यावर तिला कोण?" एवढंच म्हणाली आणि चादर काढायला आत गेली. ती आज माझ्याशी बोलणार नाही, उद्याही नाही बहुतेक. तिची भीती खोटी नाही.

उज्वला बाहेर आली आणि माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. गिरणी थांबल्यावर तिने विचारलं,

"अप्पा, तुम्हाला बटण सापडलं ना?"

"काल."

"रागावलात?"

"रागावलो होतो. सहा ते साडेसहा."

ती थोडं हसली आणि मग रडली. पदरात तोंड घालून, लहानपणी रडायची तशी, आवाज करून. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. किती वर्षांनी ठेवला ते आठवत नाही.

"पहिल्या रविवारीसुद्धा तूच का?" मी विचारलं. हे मला कळायला हवं होतं.

"नाही. पहिल्यांदा खरंच अपडेट होतं. मी फक्त देवाला हात जोडले." डोळे पुसून म्हणाली, "अप्पा, मला तोंडाने सांगता येत नव्हतं. आईकडे बघितलं की शब्द फुटायचा नाही. तुम्ही विचारलंत, तेव्हा वाटलं, आता सांगावं. पण तुम्ही इतके दमलेले दिसलात."

"तू सांगतच होतीस," मी म्हटलं. "मीच मशीन उघडून बसलो होतो."